एक वॉर्ड, तीन वर्षं

पत्रकारितेच्या पदवीला प्रवेश घेतला की घरचे, मित्र, शेजारी सगळे एकच विचारतात: पेपरात जाणार की टीव्हीवर? या प्रश्नाचं उत्तर तिसऱ्या वर्षाच्या दिवाळीपर्यंत दिलं नाही तरी काही बिघडत नाही. दुसऱ्या एका प्रश्नाचं उत्तर मात्र पहिल्या सत्रातच ठरवावं: माझा वॉर्ड कोणता?

मुंबई महापालिकेचे प्रशासकीय वॉर्ड इंग्रजी अक्षरांनी ओळखले जातात. कुलाबा-फोर्ट ए वॉर्डात, दादर-माहीम-धारावी जी उत्तरमध्ये, कुर्ला एलमध्ये, गोवंडी-मानखुर्द एम पूर्वमध्ये, मुलुंड टीमध्ये. आपण राहतो तो किंवा आपलं कॉलेज आहे तो, यांतला एक निवडायचा आणि पदवी होईपर्यंत सोडायचा नाही. पहिल्या वर्षी तुम्हाला तिथे फक्त तुंबलेलं पाणी आणि उखडलेला रस्ता दिसेल. दुसऱ्या पावसाळ्यात त्याच जागी पुन्हा पाणी तुंबलं की मागच्या वर्षी अधिकाऱ्याने काय सांगितलं होतं ते तुमच्या वहीत सापडेल. तिसऱ्या वर्षी तुम्ही विचारलेला प्रश्न समोरच्याला सहज टोलवता येणार नाही. शहरभर फिरून दर आठवड्याला नवा विषय घेणाऱ्या विद्यार्थ्याची फाइल जाडजूड दिसते, पण त्यात ‘पुढे काय झालं’ हे कुठेच नसतं. आणि बातमीदारीतला अर्धा जीव फॉलोअपमध्ये असतो.

वॉर्ड ऑफिसात पहिल्यांदा जाताना बातमी आणायला जाऊ नका, नकाशा काढायला जा. तळमजल्यावर नागरी सुविधा केंद्र कुठे आहे, भेटीच्या वेळेचा फलक काय सांगतो, कोणत्या मजल्यावर कोणतं खातं बसतं, हे वहीत उतरवा. वॉर्डचा प्रमुख सहायक आयुक्त. त्याच्या हाताखाली परिरक्षण (म्हणजे देखभाल), घनकचरा व्यवस्थापन, जलकामे, इमारत व कारखाने, अनुज्ञापन (म्हणजे परवाने), आरोग्य अशी खाती. रस्त्यावरचा खड्डा, गळणारी जलवाहिनी आणि बेकायदा मजला ही तीन वेगवेगळ्या टेबलांची कामं आहेत. नवशिक्याचा वेळ सगळ्यात जास्त वाया जातो तो चुकीच्या टेबलासमोर उभं राहण्यात. कनिष्ठ अभियंता, दुय्यम अभियंता, सहायक अभियंता ही चढती भाजणी पाठ हवी. आणि सफाईच्या कामात मुकादमाला जेवढं माहीत असतं तेवढं वरच्या कुणालाही नसतं, हेही लक्षात ठेवा. सकाळी चौकीवर हजेरी घेताना तो भेटतो, दुपारी बारानंतर नाही.

स्वतःची ओळख खरी द्यायची. ‘मी अमुक कॉलेजचा विद्यार्थी, कॉलेजच्या मासिकासाठी माहिती घेतोय,’ एवढं पुरेसं आहे. ‘प्रेस’ लिहिलेलं घरगुती ओळखपत्र गळ्यात घालणं किंवा बाइकवर स्टिकर लावणं हे खोटं बोलणंच आहे, आणि त्या एका खोट्यामुळे तो वॉर्ड तुमच्यासाठी कायमचा बंद होऊ शकतो. विद्यार्थी म्हणून गेलात तर उलट फायदा असतो: अधिकारी समजावून सांगतात. नोकरी लागल्यावर ही सवलत संपते.

आता एक विषय घेऊ, कारण मुंबईत राहून बातमीदारी शिकायला याच्याइतका चांगला विषय मला दुसरा दिसत नाही: नालेसफाई.

दर मे महिन्यात महापालिकेची प्रेसनोट येते, ‘नालेसफाईचे ९५ टक्के काम पूर्ण’. तुमचा पहिला प्रश्न: कशाच्या ९५ टक्के? वर्षभरात काढायच्या गाळाचं उद्दिष्ट पावसाळ्याआधी, पावसाळ्यात आणि पावसाळ्यानंतर असं टप्प्यांत विभागलेलं असतं. मे अखेरची टक्केवारी साधारणपणे पहिल्या टप्प्याच्या उद्दिष्टाची असते, संपूर्ण वर्षाच्या गाळाची नाही. म्हणजे शंभर टक्के सफाई झालेल्या नाल्यातही गाळ असू शकतो आणि प्रेसनोटही आकड्यापुरती खरी असू शकते. दुसरा प्रश्न: मोजलं कसं? गाळ मेट्रिक टनांत मोजतात. भरलेली गाडी वजनकाट्यावर जाते, पावती निघते, फेऱ्यांची नोंद होते, गाळ टाकायच्या जागी पुन्हा नोंद होते. या प्रत्येक पायरीवर कागद तयार होतो आणि प्रत्येक कागद मागता येतो. तिसरा प्रश्न: काम कुणाचं? मोठे नाले पर्जन्य जलवाहिन्या खात्याकडे, छोटे नाले आणि रस्त्याकडेची गटारं वॉर्डकडे. हा फरक माहीत नसला की दोन्हीकडून ‘आमच्याकडे येत नाही’ हेच उत्तर मिळतं.

प्रत्यक्ष पाहणी सोपी आहे, पण शिस्तीने करायला हवी. नाल्यावरचा एक पूल ठरवा. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापासून जूनअखेरपर्यंत दर शनिवारी त्याच पुलावरून, त्याच कठड्यापाशी उभं राहून, त्याच कोनातून एक फोटो काढा. फोटोत न बदलणारी एक खूण हवी: भिंतीवरचा पाइप, खांब, पायरी. गाळाची पातळी त्या खुणेशी ताडून पाहता येते. बहुतेकांचे फोटो निरुपयोगी ठरतात, कारण प्रत्येक वेळी जागा वेगळी असते. दुसरी चूक म्हणजे काठावर काढून ठेवलेल्या गाळाचा फोटो काढून ‘गाळ तसाच’ असं लिहिणं. ओला गाळ काही काळ काठावर सुकू देतात आणि मग उचलतात. चार-पाच दिवसांनी पुन्हा जाऊन तो उचलला का हे पाहिल्याशिवाय ती बातमी होत नाही.

कागद मागायचा रस्ता म्हणजे माहितीचा अधिकार अधिनियम, २००५. अर्जाला १० रुपये शुल्क; पोस्टाने किंवा हातोहात द्यायचा तर कोर्ट फी स्टॅम्प लावा, नाहीतर राज्य सरकारच्या संकेतस्थळावरून ऑनलाइन भरा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. उत्तराची मुदत ३० दिवस. चुकीच्या कार्यालयात अर्ज गेला तर त्यांनी तो ५ दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. झेरॉक्सचे पानाला २ रुपये. उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला २० रुपयांचा स्टॅम्प. त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील.

विद्यार्थ्यांचे अर्ज फेटाळले जातात ते मुख्यतः एका शब्दामुळे: ‘का’. ‘अमुक नाला साफ का झाला नाही?’ असं विचारलं की उत्तर येतं, अशी माहिती अभिलेखात उपलब्ध नाही. कायद्याने मिळतं ते कार्यालयात आधीच असलेलं कागदपत्र. खुलासा किंवा मत देणं अधिकाऱ्यावर बंधनकारक नाही. म्हणून असं लिहा: ‘अमुक नाल्यातून १ एप्रिल ते ३१ मे या काळात काढलेल्या गाळाच्या वजनपावत्या, वाहनांच्या फेऱ्यांची नोंदवही आणि कंत्राटदाराला अदा केलेली देयके यांच्या प्रती मिळाव्यात.’ काळ, जागा, कागदाचं नाव. या तीन गोष्टी असल्या की टाळायला जागा कमी उरते. कागद फार असतील तर प्रतींऐवजी अभिलेख पाहू देण्याची मागणी करा. पहिल्या तासाला शुल्क नसतं, आणि फाइल चाळताना आपण न मागितलेलं पानही डोळ्यांखालून जातं. अर्ज सप्टेंबरात टाकलात तर पहिल्या अपिलासकट सगळं पुढच्या पावसाळ्याआधी हातात येण्याची शक्यता असते. मे महिन्यात टाकलात तर उत्तर येईपर्यंत पाऊस येऊन गेलेला असतो.

हे सगळं करायला लागतं ते धाडस कुठून आणायचं, हा पहिल्या वर्षाच्या मुलामुलींचा खरा प्रश्न असतो, आणि त्याला कमी लेखू नये. मराठी माध्यमातून आलेली, घरात मोठ्यांसमोर फार न बोलणारी कितीतरी मुलं अनोळखी माणसाला फोन लावताना घाबरतात. यावर सरावाशिवाय दुसरा इलाज नाही. फक्त सराव पायरीपायरीने करावा. पहिले दोन आठवडे रोज एका अनोळखी माणसाला एकच प्रश्न विचारा: भाजीवालीला घाऊक भाव, रिक्षावाल्याला रांगेत किती वेळ गेला, बस कंडक्टरला सगळ्यात गर्दीची फेरी कोणती. मग फोन. फोन लावण्याआधी तीन ओळी लिहून समोर ठेवा: मी कोण, कशासाठी बोलतोय, पहिला प्रश्न काय. तीन प्रश्नांपेक्षा जास्त प्रश्नांची यादी घेऊन बसलात तर तुम्ही उत्तर ऐकत नाही, पुढचा प्रश्न वाचत बसता. समोरचा थांबला की लगेच बोलू नका. मनात पाच आकडे मोजा. बहुतेक माणसं ती शांतता भरून काढतात, आणि कामाचं वाक्य पुष्कळदा तिथेच येतं.

दुःखात असलेल्या माणसाशी बोलताना मात्र हा नियम बाजूला ठेवा. तिथे आधी परवानगी, मग प्रश्न, आणि नको म्हणाले तर नमस्कार करून परत.

नाव त्यांच्याच हातून वहीत लिहून घ्या. शेख, शेठ, डिसोझा, डिसूझा, म्हात्रे, मात्रे. मुंबईत कानावर विसंबलात की चूक ठरलेलीच. वय, हुद्दा, फोन नंबर त्याच पानावर. ‘ऑफ द रेकॉर्ड’, म्हणजे छापायचं नाही असं, काय ते बोलणं सुरू होण्याआधी ठरवायचं. बोलून झाल्यावर कुणी ‘हे छापू नका’ म्हटलं तर काय करायचं याचा निर्णय शिक्षकांना किंवा संपादकांना विचारून घ्या, एकट्याने नको.

लिहिण्याबद्दल. रोज ३०० शब्द, ४० मिनिटांत, घड्याळ लावून. इंट्रो, म्हणजे बातमीची सुरुवात, ३० शब्दांच्या आत. कोण, काय, कधी, कुठे, का, कसं ही सहाही उत्तरं पहिल्याच वाक्यात कोंबायची नसतात. वाचकाला आधी हवी ती दोन-तीन वर, बाकीची खाली. सगळ्यात उपयोगी सराव प्रेसनोट फोडण्याचा आहे. ‘सदर ठिकाणी धोकादायक वृक्षांची छाटणी करण्यात आलेली आहे’ हे वाक्य घ्या. कुणी केली? कधी? किती झाडं? ‘करण्यात आली’ या रचनेत करणारा गायब होतो, आणि बातमीत तोच तर हवा असतो. ‘पालिकेने सोमवारी या रस्त्यावरची बारा झाडं छाटली’ असं लिहायला गेलं की आपल्याला सोमवार आणि बारा हे दोन्ही माहीत नाहीत हे कळतं. मग फोन करावा लागतो. एवढ्यासाठीच हा सराव आहे.

शुद्धलेखन डेस्क, म्हणजे मजकूर तपासणारी ऑफिसातली मंडळी, बघेल, असं समजून चालू नका. डेस्कवर माणसं कमी आहेत. मराठी साहित्य महामंडळाचे १८ नियम दोन पानांत मावतात. त्यातला रोज अडणारा एक नियम आधी पक्का करा: मराठी शब्दाच्या उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या, अक्षरातला दीर्घ ईकार किंवा ऊकार सामान्यरूपात ऱ्हस्व होतो. दूध, दुधात. मूल, मुलाला. गरीब, गरिबाला. पण तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेल्या, शब्दात तो तसाच राहतो: परीक्षा, परीक्षेला, शरीर, शरीराला. टायपिंग युनिकोडमध्ये, इनस्क्रिप्ट कळफलकावर शिका. मोबाइलवर बोलून टाइप करणं सोयीचं आहे, पण विशेषनामांची वाट लागते आणि वाचून पाहताना ते डोळ्यांतून निसटतं. सरकारी टायपिंगच्या परीक्षेला मराठीसाठी मिनिटाला ३० शब्दांचा वेग लागतो; दुसऱ्या वर्षाअखेर तेवढा तरी हवाच.

इंग्रजीची भीती हा वेगळा विषय. महापालिकेचं कामकाज मराठीत चालतं, उच्च न्यायालयाचे आदेश इंग्रजीत असतात, त्यामुळे मुंबईत दोन्ही लागतं. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी इथूनच ‘दर्पण’ सुरू केलं, तेव्हा त्याच्या पानावर मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी असे. तीच मांडणी सरावासाठी घ्या. कागद उभा दुमडा, डाव्या बाजूला न्यायालयाच्या आदेशातला एक परिच्छेद उतरवा, उजवीकडे मराठी. आठवड्यातून तीन परिच्छेद. सहा महिन्यांत शब्दांची स्वतःची वही तयार होते आणि काही फरक अंगवळणी पडतात: पोलीस कोठडी वेगळी, न्यायालयीन कोठडी वेगळी. आरोपमुक्ती खटला उभा राहण्याआधीची, निर्दोष मुक्तता खटला चालल्यानंतरची. न्यायमूर्ती सुनावणीत तोंडी जे बोलले ते निरीक्षण. आदेश म्हणजे लेखी स्वाक्षरीचा कागद. हे सगळं एकाच ‘न्यायालयाने फटकारलं’मध्ये ढकलणाऱ्या बातम्या रोज छापून येतात. तुम्ही ते करू नका.

आकड्यांची भीती घालवायला मुंबईचा पाऊस पुरतो. हवामान विभाग सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ असे २४ तास मोजतो आणि शहरासाठी कुलाबा, उपनगरांसाठी सांताक्रूझ अशा दोन केंद्रांचे आकडे देतो. २६ जुलै २००५ चा ९४४ मिलिमीटर हा आकडा सांताक्रूझचा आहे. त्या दिवशी कुलाब्यात फक्त ७३ मिलिमीटर पाऊस झाला. म्हणून ‘मुंबईत इतका पाऊस’ लिहिताना केंद्र आणि तास दोन्ही लिहायचे. ६४.५ मिमीपासून मुसळधार, ११५.६ पासून अतिमुसळधार, २०४.५ पासून अत्यंत मुसळधार. ‘अतिवृष्टी’ हा शब्द महसूल खातं ६५ मिमीपेक्षा जास्त पावसाला वापरतं, तेव्हा तो हवामान विभागाच्या शब्दांत मिसळू नका. तलावांचंही तसंच. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांची एकूण क्षमता १४,४७,३६३ दशलक्ष लिटर. साठा २० टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर गेला तर वाढ १० टक्केबिंदूंची झाली. टक्क्यांत मोजली तर ती ५० टक्के होते. ‘साठा १० टक्क्यांनी वाढला’ हे चूक.

व्हायरल व्हिडिओ तपासताना पावसाळ्यात एक गोष्ट हटकून होते: जुने पुराचे व्हिडिओ नवे म्हणून फिरतात. आधी रिव्हर्स इमेज सर्च करा, म्हणजे तेच चित्र इंटरनेटवर आधी कुठे आलंय ते शोधा, मग गाड्यांच्या नंबरप्लेट पाहा. एमएच ०१, ०२, ०३ आणि ४७ मुंबईचे. ०४ ठाणे, ०५ कल्याण, ४३ नवी मुंबई. नुसत्या एका गाडीवरून जागा ठरत नाही, पण रस्त्यावरच्या सगळ्याच गाड्या दुसऱ्या राज्याच्या असतील तर व्हिडिओ सायनचा नाही. दुकानाच्या पाट्यांची लिपी, बसचा रंग, पाठीमागचा अर्धा बांधलेला मेट्रोचा खांब. आपला वॉर्ड पायी फिरलेल्याला हे एका नजरेत कळतं.

कायद्याच्या काही रेघा मात्र पहिल्या दिवसापासून पाळायच्या. लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. पीडित बालक असेल तर पोक्सोच्या, म्हणजे लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचं संरक्षण करणाऱ्या कायद्याच्या, कलम २३ प्रमाणे नाव, पत्ता, फोटो, कुटुंबाचा तपशील, शाळा, परिसर यांतलं काहीही नको. ‘अमुक चाळीत राहणाऱ्या, अमुक शाळेत सातवीत शिकणाऱ्या’ असं लिहिलं की नाव न लिहूनही मूल ओळखलं जातं. कॉलेजच्या इन्स्टाग्राम पानालाही हे लागू आहे.

कॅमेऱ्यासाठी खर्च नको, मोबाइल पुरे. फोन आडवा, फ्लाइट मोड, सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्यामुळे या शटरला ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकत नाही. प्रत्येक शॉट मोजून दहा सेकंद. पैसे घालायचेच तर कॉलर माइकवर. स्टेशनबाहेर बाइट, म्हणजे कॅमेऱ्यासमोरची प्रतिक्रिया, घेताना माणसाला भिंतीकडे पाठ करून उभं करू नका, आवाज आदळून परत येतो. पडदा किंवा कपड्यांचं दुकान पाठीशी असलं की आवाज स्वच्छ येतो. निघण्याआधी कुणीही न बोलता वीस सेकंद नुसता तिथला आवाज रेकॉर्ड करा. संकलनाला बसल्यावर तो लागतोच.

इंटर्नशिपसाठी दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्याची वाट पाहता येते, पण मेल डिसेंबर-जानेवारीत जायला हवा. त्यात आयुष्याची ध्येयं नकोत. चार ओळी: कोणतं वर्ष, कोणत्या तारखा, कोणता वॉर्ड ओळखीचा, सोबत तीन बातम्या. तीनही त्याच वॉर्डच्या आणि त्यातली एक फॉलोअप असेल तर मेल वाचणाऱ्याला पुष्कळ कळतं. मानधन आहे का, प्रवासखर्च मिळेल का, हे आधीच विचारा. विचारण्यात काही गैर नाही, आणि तीन महिने बदलापूर-चर्चगेट करणाऱ्याच्या घरी तो खर्च जाणवतो. आत गेल्यावर टीव्हीच्या असाइनमेंट टेबलावर किंवा पेपरच्या डेस्कवर जे मिळेल ते काम करा, पण आठवड्यातून एकदा तरी बातमीदाराबरोबर बाहेर पाठवा अशी मागणी करत राहा. नाहीतर तीन महिने मजकूर टाइप करण्यात जातात.

चुकलात तर दुरुस्ती त्याच दिवशी, तितक्याच ठळकपणे, आणि ज्याच्याबद्दल चुकलं त्याला स्वतः फोन करून. वहीच्या शेवटच्या पानावर चुकांची यादी ठेवा: तारीख, चूक, ती कशी झाली. ‘घाई’ असं कारण लिहू नका, त्यातून काही शिकता येत नाही. ‘आडनाव विचारलं नाही, ऐकून लिहिलं’ असं लिहा. तिसऱ्या वर्षाच्या जूनमध्ये, त्याच पुलावर शनिवारचा फोटो काढायला जाल तेव्हा ते पान सोबत असू द्या.